चुन्याची पावलं

"पण महाराज, दोष नक्की कुठे आहे तेच कळलं नाही, तर तो काढायचा कसा?"

श्रीरंग तावातावाने विचारत होता आणि गोपाळगिरीबुवा टेकडीवरच्या मठाच्या ओट्यावर बसून वाल सोलत होते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात पडले होते. बुवा एकेक उचलत, दोन बोटांत हलकेच दाबत, आणि दाणा सालातून टुणकन बाहेर येई.

"कसला दोष?"

"राऊटरचा हो!"

श्रीरंगने पिशवीतून वाय-फायची ती काळी डबी काढली आणि बुवांसमोर ठेवली. दोन्ही अँटेना ताठ.

आता श्रीरंग म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. परदेशातल्या मोठमोठ्या कचेऱ्यांची इंटरनेटची जाळी हा पठ्ठ्या टेकडीखालच्या आपल्या बंगल्यात बसून सांभाळायचा. तिकडे कुठे काही अडलं की लोक यालाच गाठायचे. आणि याच्याच घरात वाय-फायने मान टाकावी! टेकडीच्या आडोशामुळे बंगल्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणजे सगळी मदार त्या डबीवर. जिवाला लागणारच की!

"काय काय केलंस?" बुवांनी विचारलं.

"काय नाही केलं ते विचारा. वायर बदलली. जागा बदलली, आधी कपाटावर, मग खिडकीत, मग टीव्हीमागे. सेटिंग बदलली. बंद करून चालू केला, तो तर किती वेळा! शेवटी हा नवा आणला, तर हाही तसलाच. आता शहरात जाऊन बदलून घेतो. वाटेत मठ लागला म्हणून चढलो. अंगारा लावायचा तेवढा राहिलाय."

बुवा खो खो हसले. त्यांनी डबी उचलली, सोललेल्या वालांच्या परातीवर फडकं टाकलं आणि ते उडू नये म्हणून वर डबी ठेवली.

"वारा फार आहे आज."

"अहो महाराज…!"

"कधी बंद पडतो हा?"

"रविवारी संध्याकाळी."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी… चालतो."

"रविवारी संध्याकाळी काय असतं?"

वाऱ्याने फडक्याचं टोक हललं.

"केतकीचा फोन असतो."

केतकी ही त्याची एकुलती एक लेक. तिने गुवाहाटीत नोकरी धरली ती याच्या मनाविरुद्ध. निघताना हा म्हणाला होता, "जा खुशाल, पण मग या घराकडे वळून बघू नकोस." बोलून गेला. मधे पडायला तिची आई आता राहिली नव्हती, आणि शब्द मागे घेणं याच्या रक्तात नव्हतं. कित्येक महिने दोघांनी तोंडं शिवून घेतली. शेवटी लेकीनेच पडतं घेतलं, रविवारी पाच वाजता फोन करायला लागली. आणि प्रत्येक वेळी तो मधेच तुटत होता.

"गेल्या रविवारी म्हणाली, 'बाबा, तुम्हाला बोलायचं नसेल तर तसं सांगा. पुढच्या रविवारी शेवटचा करते.' तिला वाटतं, मी मुद्दाम तोडतो. मी, महाराज! मी!"

बुवांनी मूठभर वाल त्याच्यापुढे सरकवले.

"सोल."

श्रीरंगने एक उचलून दाबला. दाण्याचे दोन तुकडे झाले.

"हलक्या हाताने… बरं, फोन तुटतो म्हणजे नेमकं काय होतं?"

"आधी चित्र अडकतं."

"आणि आवाज?"

"आवाज येत असतो थोडा. खरखरत."

"मग?"

"मग मी राऊटर बंद करून चालू करतो."

बुवांची बोटं थांबली.

"ती बोलत असताना?"

"अहो, बिघाड वाढायच्या आत…" श्रीरंगने वाक्य अर्धंच सोडलं. हातातला दुसरा दाणाही मोडला.

"काय बोलत होती?"

"'बाबा, मला एक विचारायचं होतं,' असं काहीतरी…"

"काय विचारायचं होतं?"

बुवा पुन्हा वाल सोलू लागले.

सालांचा ढीग वाढत गेला. मग श्रीरंगचं मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि तो ताडकन उठला. रविवारचे पाच वाजत आले होते. शहर गाठून परत येणं आता कुठलं शक्य!

"मेलो! तुम्ही मला इथे वाल सोलत बसवलंत, महाराज! आज फोन झाला नाही तर ती पुन्हा करायची नाही. एकदा ठरवलं की ठरवलं, माझ्यावर गेलीय ती!"

बुवांनी नुसती हनुवटी उचलून अंगणाच्या कडेला दाखवलं.

तिथे उंबराखाली एक सपाट दगड होता. त्यावर गुराख्यांनी चुन्याने दोन पावलं काढून ठेवली होती. त्या पावलांवर पाय ठेवून उभं राहिलं की मोबाइलला रेंजची एक दांडी येई. जरा हललं की गायब.

श्रीरंगचं आणि त्या दगडाचं जुनं वैर. पहिल्यांदा मठात आला तेव्हा याला वाटलं, ही कुणा सिद्धपुरुषाची पावलं. जास्वंदीचं फूल वाहून गड्याने चक्क डोकं टेकलं होतं. गुराखी पोट धरधरून हसले. तेव्हापासून तो त्या बाजूला फिरकत नसे.

"तिथे? महाराज, एका दांडीवर चित्र दिसत नाही."

"ऐकू येतं."

"आणि तुटायला लागला तर? तिथे काही करता येण्यासारखंच नाही!"

"काहीच नाही," बुवा मोठ्या समाधानाने म्हणाले.

श्रीरंग तणतणत गेला. चपला काढल्या, चुन्याच्या पावलांवर पाय ठेवले, नंबर लावला. दुसऱ्या हाताचं काय करावं त्याला कळेना.

"हॅलो, केतकी? ऐकू येतंय का? आता? आता येतंय?"

"येतंय, बाबा."

थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्हाला येतंय का?"

श्रीरंगने तोंड उघडलं… आणि मिटलं.

तेवढ्यात खरखर सुरू झाली. त्याचा मोकळा हात आपोआप पुढे गेला, हवेत काहीतरी चाचपून आला. पाय उचलला गेला. खाली पांढरं पाऊल दिसलं. त्याने पाय होता तिथे ठेवला आणि श्वास धरून उभा राहिला.

खरखरीत ती बोलतच होती. तिला कुठे माहीत, इकडे काय चाललंय ते!

"…दर वेळी तेच विचारायला जाते आणि फोन जातो. आज विचारून टाकते. बाबा, मी चार दिवस घरी येऊ का? चालेल तुम्हाला?"

उंबरावरून एक पिकलं फळ त्याच्या खांद्यावर पडलं. तो हलला नाही.

"ये," तो म्हणाला. "ये गं बाळ."

आणि तो भला मोठा माणूस त्या दगडावर उभ्या उभ्या रडायला लागला. लाज नाही, काही नाही. पलीकडून लेक म्हणत होती, "बाबा? बाबा, आहात ना?" आणि हा नुसतं "आहे, आहे" म्हणत होता.

तो परतला तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. ओट्यावर टेकला, समोरचा एक वाल उचलला. दाबला न दाबला तोच दाणा अख्खा बाहेर आला.

"महाराज… इतके रविवार ती एवढंच विचारत होती."

बुवांनी परातीवरची डबी उचलली, उपरण्याने पुसली, अँटेना मिटल्या, पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या हाती दिली.

"हा बदलून आणू, का हाच लावू?" श्रीरंगने विचारलं.

बुवा उठले. कुंपणाशी गेले, जास्वंदीचं एक फूल खुडलं, आणि परत येऊन ते श्रीरंगच्या ओंजळीत ठेवलं.

"आता वाहून ये."