नऊशे दाखल्यांचा शोध

फार जुनी गोष्ट. सह्याद्रीच्या एका रानात मनाच्या दुखण्यांवर शोध लावणाऱ्यांची दरसाल सभा भरे. ज्याच्या शोधाचे दाखले इतर जण आपल्या लिखाणात सर्वांत जास्त देत, त्याला हार मिळे. त्या साली हार धनेश पक्ष्याला मिळणार होता. 'भेदरलेल्या जिवाला ढोलीत एकटं कोंडावं, म्हणजे तो शांत होतो,' या त्याच्या शोधाचे नऊशे दाखले दिले गेले होते.

सभेला आलेली साळू साळिंदर धुमसत होती. बिबट्याने पिल्लू नेल्यावर भेदरलेल्या एका वानरीला या शोधापायीच कोंडलं होतं. तिने अन्न सोडलं. साळूने तिला बाहेर काढलं, महिनाभर ती तिच्याशेजारी बसून राहिली, तेव्हा कुठे वानरीने फळ तोंडाला लावलं.

"हा शोध खोटा आहे!" साळू सभेत ओरडली.

"साळूबाई, तुमच्या शोधाचे दाखले किती?" मोजदाद ठेवणाऱ्या कोल्ह्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग बसा खाली."

साळूचे काटे ताठ झाले. "धनेशराव, तुम्ही किती भेदरलेले जीव तपासलेत?"

"माझी बायको दरवर्षी ढोलीत कोंडून घेते. किती शांत असते!"

"अहो, ती अंडी उबवायला बसते! आणि तुम्ही नऊशे जणांनी? एकाने तरी ढोलीत डोकावून पाहिलंत?"

मागे बसलेलं शेकरू रडवेलं होऊन उठलं.

"माझी बहीण अजून आत आहे," म्हणत ते धावत सुटलं. त्याच्यामागून दुसरे उठले, तिसरे उठले. धनेशाच्या गळ्यात हार पडला, तेव्हा टाळ्या वाजवायला कोल्ह्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.