चिंचोक्यांचं गाडगं

फार फार वर्षांपूर्वी एक रुंद नदी होती. अल्याडचे लोक एक भाषा बोलत, पल्याडचे दुसरी. पहाटेच्या धुक्यात पल्याडची गाणी पाण्यावरून तरंगत यायची आणि अल्याडची मुलं ती अर्धवट झोपेत ऐकायची. कळायचं काहीच नाही, पण ऐकत राहावंसं वाटायचं.

पल्याडची भाषा शिकवणारे शिक्षक घडवायची एक शाळा अल्याडच्या काठावर होती. तिथल्या प्रमुखांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांच्याकडे कुमुदा नावाची तरुणी आली. तिला ती भाषा अशी यायची, की पल्याडच्यांनीच ऐकत बसावं! शिक्षकाची निळी शाल आपल्या खांद्यावर पडावी, हा एकच ध्यास तिला लहानपणापासून होता.

शाळेचा रिवाज असा. शिकाऊ शिक्षकाला तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा वर्ग सहा महिने मिळे. कोपऱ्यात एक गाडगं असे. बोलताना जो चुकेल, त्यानं त्यात एक चिंचोका टाकायचा. शेवटी गाडगं घेऊन पल्याडच्या बाजारात जायचं. तिथे मुलांनी स्वतः बोलून जेवण मिळवायचं, शिक्षकानं पल्याडच्या भाषेत चकार शब्द काढायचा नाही. मुलं उपाशी परतली, तर शाल विसरा.

पहिल्याच दिवशी सगुणा नावाची मुलगी नदीतल्या माशाची गोष्ट सांगायला उठली. काय रंगात आली होती पोर! पण कुमुदानं तिला पाच वेळा अडवलं. पाच चिंचोके. वर्ग फिदीफिदी हसला. त्या वयात हसू फार झोंबतं हो, थोरामोठ्यांनो, जरा आठवून बघा. सगुणा खाली बसली ती बसलीच. बाकीच्यांनीही ओळखलं, तोंडच उघडलं नाही तर गाडग्यापर्यंत जायला नको.

"माझी मुलं चुकतच नाहीत!" गाडग्याचा तळ बघून कुमुदा म्हणायची. घ्या! कुमुदाबाईंच्या आनंदाला पारावार नव्हता.

परीक्षेच्या सकाळी नाव धुक्यातून सरकत पल्याड लागली. बाजारात गरम भाकरीचा वास दरवळत होता. भाकरीवालीनं तिच्या भाषेत विचारलं, "काय हवं, लेकरांनो?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. उन्हं डोक्यावर आली. पोटात कावळे कोकलू लागले, पण एकाचंही तोंड उघडेना. कुमुदाला शालीचं वाईट वाटलंच. पण पोरांच्या त्या खाली घातलेल्या माना बघून तिला रडूच कोसळलं. हे कुलूप आपणच लावलंय, हे तिला कळून चुकलं.

शेजारी डोंगराकडचा एक म्हातारा मध विकत होता. त्याची भाषा तिसरीच. कुमुदाला तिच्यातले जेमतेम चार शब्द येत, तेही मोडके. डोळे पुसून ती त्याच्यापुढे उभी राहिली. तिनं मध मागितला, म्हाताऱ्यानं दोरखंड पुढे केला. पुन्हा मागितलं, त्यानं घंटा वाजवून दाखवली. शेवटी ती हात फडफडवत मधमाशीसारखी गुणगुणली! म्हातारा पोट धरून हसला, तीही हसली, आणि मधाचं पोळं तिच्या हातात आलं.

"बाई, तुम्ही चुकलात!" सगुणा ओरडली.

"चुकले की. पण मध मिळाला ना? टाक माझे चिंचोके गाडग्यात."

सगुणानं गाडगं काखोटीला मारलं. मग तडक भाकरीवालीकडे गेली आणि तोडकंमोडकं बोलली. भाकरीवालीला सगळं कळलं! भाकरी आली, वर चिंचा आल्या. मग काय विचारता, सगळ्यांनीच तोंडं उघडली. जेवणं झाली, गप्पा झाल्या, आणि दर चुकीला एक, असे चिंचा खाऊन उरलेले चिंचोके टाकता टाकता गाडगं शिगोशीग भरलं.

परतल्यावर कुमुदानं ते थोरल्या बाईंपुढे ठेवलं आणि मान खाली घातली. "बाई, मुलं जेवली. पण गाडगं भरलं. शाल राहू द्या."

थोरल्या बाई खुदकन हसल्या. "अगं वेडे, भरलेलंच तर हवं असतं! मुलं किती बोलली, ते कळावं म्हणून ते ठेवलंय. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही." आणि त्यांनी निळी शाल तिच्या खांद्यावर घातली.

कुमुदानं ते चिंचोके दोन्ही काठांवर पेरले. आजही धुक्यात त्या चिंचांखाली अल्याडची-पल्याडची मुलं बसतात, भरपूर चुकतात आणि भरपूर बोलतात.

तात्पर्य: जिथे चुकायची मुभा असते, तिथेच जीभ मोकळी होते.