मडकं झाकायचा सण

मंगळवार, २८ मार्च १९६१. खाडीवरून खारा वारा, आभाळ निरभ्र, ऊन चटके देणारं.

"बाकी सगळं समजलं, बाई. पण कडू पाला कोणता? खरा कोणता?"

विचारणारे होते शांतवन हिवाळे, नगरकडच्या एका गावातल्या चर्चचे तरुण पाळक. येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणात. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीची आठवण म्हणून त्या सणात कडू पाला खातात. तो सण अगदी मुळाबरहुकूम येत्या गुरुवारी आपल्या चर्चमध्ये करायचा, असं त्यांनी मनात घेतलं होतं. त्यासाठी एसटीचे धक्के खात ते कोकणात उतरले होते.

समोर ओट्यावर लीआबाई तळकर बसल्या होत्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. सणावाराचं काही अडलं की प्रार्थनालयातले पुरुषही त्यांच्याच ओट्याशी येत. बाई एका मडक्याच्या तोंडावर फडकं ताणत होत्या.

"तुमच्याकडं या दिवसांत कडू काहीच खात नाहीत?"

शांतवन हसले. "म्हाताऱ्या बाया कडुलिंब चघळायच्या, प्रभुभोजनाच्या आधी. का, म्हणून विचारलं तर म्हणे, आई चघळायची. अहो, तो पाडव्याचा पाला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. गेल्या साली मी ते बंद करून टाकलं."

"बरं केलंत. मग?"

"मग काय... तेव्हापासून माझी आईच चर्चला येत नाही."

"भांडते?"

"भांडली असती तर बरं होतं. वाढते. बोलत नाही."

बाईंनी फडक्याभोवती सुतळीचा वेढा दिला.

"यात काय आहे?" शांतवनांनी मडक्याकडं बोट केलं.

"आंबट चटणी. आता आठ दिवस झाकलेलं राहील. आमच्या जुन्या बाया या सणाला मडकं झाकायचा सणच म्हणायच्या."

"पण हा तर मिसरातल्या गुलामीतून सुटल्याचा सण!"

"ते आम्ही विसरलो होतो."

"विसरला होतात?"

"पार. गलबत फुटून आमची माणसं या किनाऱ्याला लागली म्हणतात. पोथ्या बुडाल्या. तेल गाळलं, नारळ लावले... सण कशाचा, ते कुणालाच सांगता येईना. मडकं झाकायचं, एवढं सासूनं सुनेला सांगितलं."

"आणि सुनेनं विचारलं नाही, का म्हणून?"

"विचारलं असेल. सासूनं डोळे वटारले असतील."

शांतवनांना हसू आलं.

"मग बाहेरून एक शिकलेला माणूस आला," बाई म्हणाल्या. "त्यानं मिसर सांगितलं, समुद्र सांगितला. सगळं सांगितलं."

"तोवर तुम्ही काय करत होतात?"

"तोवर झाकत होतो."

"आणि कळल्यावर?"

"अजून झाकतेच आहे की. दिसत नाही का?" बाईंनी गाठ मारली. "फार शिकलेला होता हो तो, पाळकबाबा. पण त्यानं मडकं नाही फोडलं."

शांतवनांनी मडक्यावरची गाठ बोटानं चाचपली.

मग म्हणाले, "पाल्याचं सांगितलं नाहीत."

बाई उठल्या. परड्यात गेल्या आणि कडुलिंबाची कोवळी डहाळी मोडून आल्या.

"बाई, पण हा पाडव्याचा..."

"खा आधी."

शांतवनांनी दोन पानं तोंडात टाकली. चघळली. डोळ्यांत पाणी आलं.

"कडू आहे?"

"आहे."

"मग जा आता. एसटी चुकेल."

बुधवारी रात्री ते घरी पोचले. गुरुवारी दुपारी अंगणातल्या कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून त्यांनी स्वयंपाकघरात आणून ठेवल्या. आई चुलीशी होती. वर्षभरानं पहिल्यांदा बोलली.

"कुणाचा म्हणायचा हा पाला? एवढ्या लांब जाऊन विचारून आलास ना?"

"विचारलं."

"काय सांगितलं तिथं?"

"कडू आहे का, म्हणाल्या तिथल्या बाई."

आईनं डहाळ्या धुतल्या. संध्याकाळी पाल्याचं ताट तिनंच चर्चमध्ये नेलं.