आवाजासकट

"…मग माझाच क्लोजअप का कापलात, मास्तर?"

कुमुद आंबर्डेकर अजून दारातच उभी होती. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

रावजी मास्तर खाटेवर बसून बाहेरच्या उन्हाकडे पाहत होते. त्यांनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही.

"इतकी वर्षं हा प्रश्न गिळून बसलेय. आज उत्तर घेतल्याशिवाय जायची नाही."

"इतकी वर्षं थांबलीस, आता चहा होईपर्यंत थांब."

ती बसली.

मास्तरांनी 'माघारीण' हा चित्रपट केला, तेव्हा कुमुद आणि यमुना शिरोडकर दोघी कोल्हापुरात त्यांच्याच घरी राहून अभिनय शिकत होत्या. कुमुद हुशार. दिलेलं पान एकदा वाचलं की पाठ. यमुनेला वाक्यं आठवायची नाहीत. तरी नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या मुलीची भूमिका मास्तरांनी यमुनेला दिली. तिला दारातच अडवणारी भावजय कुमुदच्या वाट्याला आली.

तो चित्रपट लोक अजून पाहतात ते एका प्रसंगासाठी. भावजय बोलत असते, पण ती पडद्यावर दिसत नाही. तिचं बोलणं ऐकूही येत नाही. ऐकू येते आतल्या जात्याची घरघर. आणि समोर, दारात उभ्या असलेल्या यमुनेचा चेहरा.

कुमुदने पुढे कितीतरी मोठ्या भूमिका केल्या, सरकारी पुरस्कार घेतला. पण जाईल तिथे कोणीतरी विचारायचंच, "यमुनाबाईंचा तो चेहरा… तेव्हा तुम्ही समोर होतात ना?"

ती हसून हो म्हणायची. घरी आल्यावर तिला जेवण जायचं नाही.

गेल्या महिन्यात यमुना वारली. सगळ्या पेपरांत तोच चेहरा. कुमुद तिच्या घरी जाऊन रडून आली आणि आल्या आल्या ते पेपर तिने रद्दीत टाकले.

मग तिच्या कानावर आलं, की 'माघारीण'मधले कापून टाकलेले तुकडे मास्तरांनी जपून ठेवलेत. ते न्यायला पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातून माणसं येणार आहेत.

"माझा शॉट असेल ना त्यात?" चहाचा कप तसाच ठेवून तिने विचारलं.

"आहे."

"मग दाखवा लोकांना. तिचा आणि माझा शेजारी शेजारी लावा. होऊन जाऊ दे निवाडा."

"तुला एवढी खात्री आहे?"

"तुम्हाला नाही?"

मास्तर उठले. आतल्या खोलीत त्यांचं संकलनाचं जुनं यंत्र होतं. त्यावर चित्राची फीत एका बाजूने धावे, आवाजाची दुसऱ्या बाजूने, आणि तळहाताएवढ्या काचेत चित्र दिसे. त्यांनी कुमुदचा तुकडा लावला.

काचेत तरुण भावजय बोलू लागली. आवाज चढलेला नाही. शब्द अगदी मऊ, आणि ओठांच्या कडेला किंचित किळस…

"चांगलं केलंयस," मास्तर म्हणाले.

"फार चांगलं केलंय." कुमुदचे डोळे भरून आले होते. "मग?"

मास्तर दुसरा डबा उघडत होते.

काचेत यमुनेचा चेहरा आला. कुमुदने मान फिरवली.

"हे कशाला? हे साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे."

"आवाजासकट लोकांनी पाहिलेलं नाही."

यमुना दारात उभी होती. चेहरा कोरा. कॅमेऱ्यामागून भावजयीची वाक्यं ऐकू येत होती. यमुनेला समोरून ती वाक्यं द्यायला कुमुदच तिथे उभी असायची.

"कट," मास्तरांचा तरुण आवाज. "पुन्हा."

पुन्हा तीच वाक्यं. पुन्हा तोच कोरा चेहरा.

"कट. यमुना, ऐक ती काय म्हणतेय ते. पुन्हा."

या वेळी कुमुदचं वाक्य मध्येच थांबलं. क्षणभर नुसती खरखर… मग दातांतून, हळू आवाजात:

"यमे, तुझ्या आईला तरी कुठल्या घराने आत घेतलं होतं गं?"

हे वाक्य पटकथेत नव्हतं. यमुनेची आई गाणारी होती. मिरजेच्या एका सावकाराने तिला ठेवली होती, पण त्याच्या घराची पायरी तिला कधी चढता आली नाही. रात्री जवळ झोपून यमुनेनेच हे कुमुदला सांगितलं होतं.

काचेतला चेहरा हलला नाही. पापण्या खाली गेल्या आणि सावकाश वर आल्या. बस, एवढंच…

फीत संपली. तिचं सुटं टोक यंत्रावर फटफटत राहिलं. मास्तरांनी बटण बंद केलं.

"तुम्ही ऐकलं होतंत…"

"सेटवर सगळ्यांनी ऐकलं."

"मग कोणी मला बोललं का नाही?"

"मी बोलणार होतो. यमुनाच म्हणाली, मास्तर, तिला काही बोलू नका, आता पुन्हा घेऊही नका. आलंय."

कुमुदने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"दर दिवाळीला पहिला फोन तिचाच यायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, डिवचायला करते."

मास्तर फितीचं सुटं टोक चाकावर गुंडाळू लागले.

"म्हणजे तो शॉट… माझ्यामुळे…" तिच्या आवाजात एकदम जुना हक्क चढला. तो तिचा तिलाच ऐकू आला आणि ती थांबली.

मग तिने विचारलं, "पुण्याची माणसं कधी येणार?"

"उद्या सकाळी."

"हेही नेणार?"

"सगळंच."

"मग सगळे ऐकतील."

"हं."

मास्तरांनी खणातून कात्री काढून तिच्यापुढे ठेवली. आवाजाची फीत थोडी मागे ओढली आणि बोटाने जागा दाखवली.

"इथून सुरू होतं. दोन-तीन हात फीत असेल. कापलीस तर कोणाला कळायचं नाही."

कुमुदने कात्री उचलली. फीत चिमटीत धरली. कात्रीची पाती उघडली, आणि तशीच राहिली…

"मास्तर, माझ्या जागी यमी असती, तर तिने काय केलं असतं?"

"हा डबा तिने पाहिलाय, कुमुद," मास्तर म्हणाले. "कात्री तिच्याही हातात दिली होती."