गुणाजी राक्षसात चढतो

पिंपळदरा खुर्द गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं सगळं ऐकायचा. त्याच्यात वाईट म्हणावं असं एवढंच होतं.

खुर्दाच्या समोर, ओढ्यावरच्या पुलापलीकडं पिंपळदरा बुद्रुक. दोन्ही गावांचा देव एक, जत्रा एक, पालखी एक. पालखीचा पुढचा दांडा कुणी धरायचा, एवढाच काय तो वाद. पूर्वी तो कुस्तीनं मिटायचा. पण कुस्ती संपली की खरी मारामारी सुरू व्हायची. एका वर्षी पालखी जागेवर राहिली आणि माणसंच खांद्यावरून घरी न्यावी लागली. तेव्हा फौजदारांनी बजावलं, कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. म्हणून दोन्ही गावांनी कंप्युटरवर भांडायचं ठरवलं.

गेम जुना होता. जपानी कार्टूनमध्ये असतात तशी मोठ्या डोळ्यांची, निळ्या केसांची माणसं त्यात होती. आपण सैनिक व्हायचं, पायी पळत जायचं, देवळाएवढ्या यंत्रमानवात चढायचं आणि समोरच्या यंत्रमानवाला गोळ्या घालायच्या. आपलं तोंड आपल्याला दिसत नाही, हातातली बंदूक तेवढी दिसते. शत्रूच्या गडावरचं निशाण पळवून आपल्या गडावर आणलं की जिंकलो. यापेक्षा नवा गेम गावातल्या कंप्युटरवर चालत नव्हता, त्यामुळं आवडीनिवडीचा प्रश्न आला नाही. यंत्रमानवाला गाव राक्षस म्हणायचं.

खुर्दात हा गेम धड खेळता यायचा एकाच माणसाला. ती मंजुळा, गुणाजीची वहिनी. नवरा फौजेत, ती गावात कंप्युटर क्लास चालवायची. अडचण अशी की मंजुळा बुद्रुकची लेक. आणि बुद्रुककडून खेळणार होता तिचा सख्खा भाऊ उत्तम.

"हरलीस तर गाव काय म्हणंल ठावं हाय का?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणंल, सुनेनं पालखी माहेराला दिली."

गावाचं नाव नुसतं पुढं केलेलं. सासूबाईंचं स्वतःचंच ते मत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आमटी खारट झाली की ते बुद्रुकचं मीठ असायचं. मंजुळेला पालखीचं फारसं काही नव्हतं. तिला फक्त हे ऐकणं थांबायला हवं होतं, आणि त्यासाठी जिंकणं भाग होतं.

प्रत्येक गावाकडून दोघंजण खेळणार. मंजुळेच्या जोडीला कोण, असं विचारल्यावर खुर्दातल्या सगळ्या पोरांना नेमकी त्या दिवशी कामं निघाली. गुणाजीला काम नव्हतं.

पहिल्या दिवशी मंजुळा म्हणाली, "भावजी, आधी राक्षसात चढून बसा."

गुणाजीनं इकडंतिकडं पाहिलं. मग चपला काढल्या, टेबलावर चढला आणि कंप्युटरच्या डबड्यावर मांडी घालून बसला.

"अहो, तिथं नाही. पडद्यावर," मंजुळा म्हणाली. "पडद्यावर दिसतं तेवढंच खरं धरायचं. बाहेरचं सगळं विसरायचं."

"बरं वहिनी," गुणाजी म्हणाला. आणि ते त्यानं डोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याला दुधापाशी बसवून शेजारी गेल्या. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं. गुणाजी शांत बसून होता.

"मुडद्या, दूध उतू गेलं, दिसंना व्हय तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"दिसलं की. पण पडद्यावर नव्हतं. वहिनी म्हणाल्या, पडद्यावर नसलेलं खरं नसतं."

सासूबाईंनी सुनेकडं जे पाहिलं, त्यातच सगळं आलं. मंजुळेनं ओटा पुसला आणि म्हणाली, "भावजी, काहीही तापून वर यायला लागलं की आधी बंद करायचं. विचार करत बसायचं नाही."

"बरं वहिनी."

संध्याकाळी सराव. क्लासमधली बाकीची मुलं कंप्युटरवर परीक्षेचे पेपर सोडवत बसलेली. गुणाजीच्या राक्षसानं इतक्या गोळ्या झाडल्या की बंदूक तापली. पडद्याच्या कोपऱ्यातली लाल पट्टी भराभर वर चढायला लागली. गुणाजी ताडकन उठला आणि क्लासचा मेन स्विच पाडून आला. राक्षस गेले, मुलांचे पेपरही गेले. मुलांना मात्र गुणाजी त्या दिवसापासून आवडायला लागला.

"चालू असलेलं असं मधेच बंद करत नाहीत हो," मंजुळा कपाळाला हात लावून म्हणाली. "चालू आहे ते चालू द्यायचं."

"बरं वहिनी."

सकाळी टाकीत पाणी चढवायची मोटर त्याच्याकडं होती. टाकी भरली. पाणी गच्चीवरून अंगणात आलं. अंगणात सासूबाईंचे उडदाचे पापड वाळत होते. ते आधी भिजले, मग तरंगले, मग शेजाऱ्यांकडं गेले. गुणाजी स्विचपाशी पहारा देत उभा होता, कुणी बंद करू नये म्हणून.

"ह्ये बी वहिनीनंच सांगितलं आसंल," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय," गुणाजी म्हणाला. खोटं बोलायचं त्याला कधी सुचलं नाही.

मंजुळेला आता रडू यायचं तेवढं बाकी होतं. ती म्हणाली, "भावजी, हात जोडते. यापुढं काही करायच्या आधी विचारत जा. समोर जो असेल त्याला विचारा."

"बरं वहिनी."

त्या दिवशी सरावाला मंजुळा स्वतःच शत्रू झाली. तिचा राक्षस गुणाजीच्या राक्षसासमोर आला. गुणाजीनं नेम धरला, मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, मारू का?"

तो विचारेपर्यंत तिनं त्याला मारलं होतं.

"शत्रूला विचारतात का कधी?" ती म्हणाली. "हे बघा, एकच लक्षात ठेवा. पुलापलीकडून जो येईल तो वैरी. दिसला की हाणायचं."

गेममध्येही एक पूल होता. तिला तो म्हणायचा होता.

दुसऱ्या दिवशी उत्तम आला. जत्रेआधी बहिणीला साडी द्यायची, ही त्यांच्याकडची रीत. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात साडीची पिशवी, असा तो पुलावरून चालत येत होता. गुणाजी ओढ्याकाठी शेणाच्या गोवऱ्या थापत होता. माल ओलाच होता.

उत्तम घरी पोचला तेव्हा त्याच्यात पांढरं असं डोळे आणि दातच राहिले होते.

आता मात्र सासूबाईंना लाज वाटली. सुनेला बोलणं वेगळं आणि सोयऱ्यानं गावभर सांगणं वेगळं. त्यांनी उत्तमला आंघोळीला पाणी दिलं, धोतर दिलं, पुरणपोळी घातली आणि जाताना नारळ आणि टोपी दिली. मग गुणाजीचा कान धरला.

"सुनेचा भाऊ हाय त्यो. सोयरा हाय. त्या वहिनीचं आजपातूर लई ऐकलंस, आता माझं ऐक. सोयरा दारात आला की खाली उतरून सामोरं जायचं. तांब्याभर पाणी द्यायचं. आन् रिकाम्या हातानं त्याला कधी म्हणजे कधी परत धाडायचं न्हाई."

"बरं आई," गुणाजी म्हणाला. आणि ते त्यानं डोक्यात ठेवलं.

जत्रेचा दिवस उजाडला. क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेचा प्रोजेक्टर आणून भिंतीवर गेम मोठा केलेला. समोरच्या टेबलाशी उत्तम आणि त्याचा जोडीदार बसले. सरपंच नारळ घेऊन पुढं बसले, सासूबाई त्यांच्या मागं. मंजुळेनं गुणाजीला शेवटचं सांगितलं, "तुम्ही आपल्या गडाच्या दारात राक्षसात बसून राहायचं. बाकी काही म्हणजे काहीच करायचं नाही."

गुणाजी बसून राहिला. त्या बाईनं एकटीनं काय खेळ केला म्हणता. उत्तमच्या जोडीदाराला तिनं आल्या आल्या बाद केलं. उत्तमचा राक्षस फोडला. बुद्रुकच्या गडात शिरून निशाण उचललं आणि परत फिरली. उत्तम मोडक्या राक्षसातून कसाबसा बाहेर पडला. बंदूक नाही, अंगात जीव नाही, तसाच लंगडत पूल ओलांडून खुर्दाच्या गडाच्या दारात आला. त्याच्यापुढं गुणाजीचा धडधाकट राक्षस उभा.

"भावजी, एकच गोळी," मंजुळा म्हणाली.

सगळं गाव श्वास धरून बघत होतं. सासूबाईसुद्धा. सुनेनं खुर्दासाठी जीव तोडला होता हे त्यांना दिसत होतं, आणि ते कबूल करायची वेळ आता आलीच होती.

गुणाजीनं पडद्यावर पाहिलं. सोयरा दारात आला होता. पायी आला होता. हात रिकामे होते.

तो राक्षसातून खाली उतरला. मग खुर्चीवरूनही उतरला. कोपऱ्यातला तांब्या घेऊन उत्तमच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "या पाव्हणं. पाणी घ्या."

उत्तम गोंधळला. पण दिलेलं पाणी नाही कसं म्हणायचं. त्यानं घोटभर घेतलं. गुणाजी जागेवर परत आला, गडावरचं निशाण काढलं आणि उत्तमच्या पुढ्यात ठेवलं.

"उन्हाचं पायी कुठं जाता," तो म्हणाला. "राक्षस बी घेऊन जा."

उत्तम राक्षसात चढला आणि निशाण घेऊन निघाला. वाटेत पुलावर मंजुळा भेटली. तिच्याकडं बघायचं त्याला जड गेलं, पण त्यानं तिला बाद केलं आणि पुढं गेला. बुद्रुक जिंकलं.

मग एकेक नजर मंजुळेकडं वळली. सरपंच उठले. त्यांनी गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश विचारलं, "गुणाजी, खरं सांग. पाव्हण्याला निशाण द्यायला तुला कुणी शिकवलं?"

मंजुळेनं डोळे मिटले.

"आईनं," गुणाजी म्हणाला.

पालखीचा पुढचा दांडा अजून बुद्रुकच्या खांद्यावर आहे. आमटी खारट झाली तर खुर्दात आता मिठाचा विषय निघत नाही. आणि पुलापलीकडची बाई असं कुणी म्हणालंच, तर बोट मंजुळेकडं नसतं. सासूबाईंकडं असतं.