आप्पांनी वाकवलेली वाट

त्या मुलखात वाटेवरचा हक्क पायांच्या लांबीवरून ठरत असे. ज्याचे पाय लांब, त्याची वाट. आखूड पायांच्यांनी कडेला उभे राहावे आणि धूळ खाली बसली की आपले बघावे. असा कायदा कुणी केला नव्हता, पण तो सगळ्यांना तोंडपाठ होता.

मुलखाची मुख्य वाट हत्तीने बांधली होती. सगळे त्यांना आप्पा म्हणत. डोंगरापासून तळ्यापर्यंत वाट इतकी सरळ गेली होती, की पायथ्याशी उभे राहिले तरी पलीकडचे पाणी चमकताना दिसावे. आप्पा रोज तिथे उभे राहत, एक डोळा मिटून वाट नजरेखालून घालत आणि छाती फुगवून परतत. अशी वाट आसपासच्या कुठल्याच मुलखात नाही, हे ते स्वतःच भेटेल त्याला सांगत.

वाटेच्या मध्यावर, कडेच्या करंजाखाली, टिटवीबाईंची शाळा भरे. कासवांची, साळिंदरांची, मुंगसांची पोरे पलीकडच्या झुडपांतून वाट ओलांडून तिथे येत. शाळा भरण्याची वेळ आणि रोही, सांबर, घोडे पाण्याला निघण्याची वेळ एकच. एका सकाळी कासवाचे पिल्लू टापेखाली आले. जीव वाचला, पण पाठीला तडा गेला तो गेलाच.

मुलूख हळहळला. सभा भरली. घोड्यांचा मुखिया म्हणाला, "झालं ते वाईटच झालं. पण पोरांनी बघून नको का चालायला?"

हे पटकन मान्य झाले, कारण सभेला लांब पायांचेच जास्त आले होते. आप्पांनीही मान डोलावली. मग टिटवीबाईंनी मुळाक्षरे बाजूला ठेवली आणि थांबणे, बिचकणे, मागे सरणे एवढेच शिकवायला घेतले. काही दिवसांनी त्या आप्पांकडे गेल्या.

"आप्पा, पोरं फार तयार झाली हो माझी. घाबरण्यात आता त्यांचा हात कुणी धरणार नाही."

टोमणा आप्पांना बरोबर लागला. "उद्या मीच येतो," ते म्हणाले. "ओलांडायचं कसं, ते एकदा नीट दाखवतो."

एवढे मोठे धूड शाळेत आलेले पाहून पिले बाईंच्या पंखांआड शिरली. तेव्हा आप्पा चक्क पोटावर आडवे झाले आणि त्यांनी हनुवटी मातीला टेकवली. "आता भिऊ नका. मी 'चला' म्हटलं की निघायचं."

त्यांनी वाटेकडे पाहिले. तिथून ना डोंगर दिसत होता, ना तळे. दिसत होत्या त्या फक्त टापा, आणि टापांमागे धूळ. मध्येच मोकळी जागा सापडे, 'चला' हा शब्द आप्पांच्या ओठांपर्यंत येई, आणि तेवढ्यात पुढचा कळप येऊन जाई. पिले शहाण्यासारखी वाट बघत राहिली. शेवटी कासवाचे पिल्लू त्यांच्या सोंडेजवळ सरकले.

"आप्पा, आम्हालाही असंच होतं," ते हळूच म्हणाले.

आप्पा उठले आणि तडक डोंगरापाशी गेले. कळप गप्पा मारत रमतगमत उतरत होते. तहान त्यांना वरही होती. पण पायथ्याशी आले, समोर पाणी चमकले, की ते चौखूर उधळत. आणि पाणी दिसत होते ते आप्पांच्या वाटेच्या सरळपणामुळे.

आयुष्यभराचे नाव ज्या कामावर उभे, ते आपणच मोडायचे, ही काही गंमत नव्हे. आप्पांना रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही. मग त्यांनी वाटेचा मधला भाग उखडला. शाळेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन वळणे घातली, वळणांवर दाट झुडपे लावली. शाळेसमोर वाट एका घोड्यापुरती अरुंद केली आणि तिथली माती थोपटून थोडी उंच केली.

मुखियाने नाक मुरडले. "आप्पा, म्हातारपणी हात थरथरला वाटतं!"

"चालून तर बघा," आप्पा म्हणाले.

कळप कुरकुरत चालले. पाणी दिसेना, म्हणून पळावेसे वाटेना. वळण आले की पाय आपसूक आवरे. तळ्यावर पोहोचले तेव्हा तळे जागच्या जागी होते. कुरकुर हळूहळू थांबली आणि टिटवीबाईंनी मुळाक्षरे पुन्हा काढली.

पुढे एकदा शेजारच्या मुलखातला एक घोडा भरधाव आला आणि वळणावर त्याला थांबावे लागले. पुढे मुखिया उभा होता, त्याच्यामागे दोन रोही, एक सांबर. वाटेच्या ऐन मध्यावर कासवाचे पिल्लू आणि साळिंदराचे पोर फतकल मारून बसले होते. एका भुंगेऱ्यावरून त्यांचे कडाक्याचे भांडण जुंपले होते.

"असली वाकडी वाट बांधली तरी कुणी?" पाहुणा वैतागून ओरडला.

करंजाखाली उभ्या आप्पांनी सोंड उंच केली.

"मी!" ते म्हणाले. सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असे म्हणाले.

वाटेतल्या दोघांनी मान वर करूनही पाहिले नाही. भुंगेरा कुणाचा, हे अजून ठरायचे होते.