कोमट पायऱ्यांचा गड

पाय आत घ्या आधी. अप्पू, मुक्ताच्या अंगावरची गोधडी ओढू नकोस. दिवसभर भांडलात तेवढं पुरे झालं. भीतीची गोष्ट हवी म्हणालात ना? मग ऐका. आणि मध्येच घाबरून माझ्या कुशीत घुसायचं नाही, मला श्वास घेता येत नाही.

एक होता गड. राजाही होता, पण तो लांब राजधानीत बसून जिलब्या खायचा, त्याचं आपल्याला काय! गड होता राज्याच्या पार टोकाला. त्याच्या पलीकडे नुसतं धुकं. त्या धुक्यात काय राहतं ते कोणी नीट पाहिलेलं नव्हतं. ते अलीकडे येऊ नये म्हणून गडावर पहारा लागायचा, आणि पहारेकरी तयार करायला गडावर एक तालीम होती. बारा वर्षांची पोरं-पोरी तिथे न्यायचे. त्या गडाला म्हणायचे कोमटगड. का, तर त्याच्या पायऱ्या भर थंडीतसुद्धा कोमट लागायच्या. का लागायच्या तेही सांगते, घाई करू नका.

तर त्या गडावर आली एक मुलगी. तिचं नाव भिवरा. घरी आई, आणि पाळण्यातला भाऊ. आई म्हणाली होती, तलवार मिळाली की लगेच घरी ये, तोवर बाळाला चालायला शिकवून ठेवते. भिवराच्या डोक्यात उठता-बसता तेच. कधी एकदा तलवार मिळते आणि कधी मी घर गाठते.

पण ते काय सोपं होतं होय? तिथे पोरांच्या जोड्या लावायचे. जोडीला तीन कसोट्या. तिसऱ्या कसोटीत जो पुढे, त्याला तलवार आणि घरी जायची मोकळीक. मागे राहील त्याने आणखी एक वर्ष तिथेच काढायचं. आणि भिवराच्या जोडीला कोण, तर सगुणा. अंगाने काडी, नाकावर राग, आणि जीभ म्हणजे मिरचीचा ठेचा. पहिल्याच दिवशी दोघींचं वाजलं. सगुणाने भिवराच्या घोंगडीत कुसळं भरली. भिवराने सगुणाच्या पेजेत मूठभर मीठ घातलं. मग काय, रोज काहीतरी. तुमच्या दोघांसारखंच, बरं का.

तालमीचा एक वस्ताद होता. म्हातारा, उंच, काळाकभिन्न. त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. गडाच्या दारात दगडी उंबरा होता, त्यावर तो चुकूनही पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचा. त्याने पोरांना तीन नियम सांगितले.

पहिला नियम हजेरीचा. दिवेलागणीला वस्ताद एकेकाचं नाव घेणार. पण ज्याचं नाव त्याने बोलायचं नाही. त्याच्या जोडीदाराने म्हणायचं, 'आहे'. आपलं आपण कितीही ओरडलं तरी गड ऐकत नाही. वस्ताद तीनदा नाव घेणार. तिसऱ्यांदाही कोणी 'आहे' म्हणालं नाही, तर तो माणूस असेल तिथे दगड व्हायचा. आणि सकाळी गडाला एक पायरी जास्त असायची. म्हणून त्या पायऱ्या कोमट. कळलं आता?

दुसरा नियम त्याहून वाईट. जो दाराच्या आत नाही त्याला 'आहे' म्हणालात, तर तोही दगड आणि तुम्हीही दगड.

आणि तिसरा. दारातून बाहेर पडताना 'येते' म्हणायचं. 'जाते' म्हणायचं नाही. आपल्याकडे तरी कुठे म्हणतो आपण? तुम्ही म्हणता तेव्हा मी कशी खेकसते! तिथे तर दारालाच कान होते. 'जाते' म्हणणाऱ्याला ते दार परत आत घ्यायचं नाही.

मग आली पहिली कसोटी. उभा कडा, दोर नाही, चढायचं. भिवराची नखं निघाली, पण ती वर पोचली आणि सगुणा दोन हात खाली राहिली. सगुणा रागाने नुसती फणफणत होती. पण दिवेलागणीला वस्तादाने 'भिवरा' म्हणताच पहिल्याच हाकेला दात-ओठ खात का होईना, सगुणा म्हणाली, 'आहे.'

मग दुसरी कसोटी. आग्यामोहोळाखाली डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन उभं राहायचं. हलायचं नाही. सगुणाने काय केलं, पायाच्या बोटांनी एक खडा उडवला आणि बरोबर भिवराच्या घोट्यावर मारला. भिवरा दचकली, हंडा कलंडला, माश्या उठल्या. भिवराचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं. सगुणा जिंकली.

त्या संध्याकाळी हजेरीला वस्तादाने नाव घेतलं, सगुणा. भिवरा गप्प. वस्तादाने पुन्हा घेतलं. भिवरा गप्पच. अंगाची आग होत होती आणि मनाची त्याहून जास्त. तिला वाटलं, कळू दे हिलाही थोडं. तिसऱ्या हाकेला तोंड उघडणार तेवढ्यात सगुणा किंचाळली. तिची दोन बोटं, उजव्या पायाची, दगड झाली होती. भिवरा घाईघाईने 'आहे' म्हणाली, पण झालं ते झालं. मग पुढचं नाव भिवराचं. सगुणा खाली बसून पाय धरून रडत होती. तरी मान वर न करता पहिल्याच हाकेला ती म्हणाली, 'आहे.'

भिवरा त्या दिवशी जेवली नाही. माफी मागावी असं फार वाटलं तिला. पण मेला गर्व आड आला. तेव्हापासून सगुणा लंगडायची, आणि फरशीवर तिच्या पावलांचा आवाज यायचा. टक्. टक्.

मग तिसरी कसोटी. धुक्यातल्या काळ्या डोहातून घागर भरून दिवे लागायच्या आत परत यायचं. वस्ताद म्हणाला, डोहातलं ते जे आहे ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं. वळून बघाल तर घागर तेवढी तरंगत वर येईल.

सकाळी दारात भिवरा म्हणाली, 'येते.' आणि जाता जाता सगुणाला टोमणा मारला, की तू लंगडत डोहावर पोचशील तोवर मी घरी पोचलेली असेन. सगुणाचा चेहरा उतरला. मग लाल झाला. ती म्हणाली, 'जाते मी. तुझं तोंड बघायला नको.' आणि उंबरा ओलांडून गेलीसुद्धा.

भिवराने ते ऐकलं. अगं, येते म्हण, एवढंच सांगायचं होतं. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि तिने ते गिळलं.

धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. डोह काळा, गार, आणि कुठेच आवाज नाही. भिवराने घागर भरून काठावर ठेवली आणि परतीच्या वाटेकडे तोंड केलं. तेवढ्यात मागून अगदी जवळून आईचा आवाज आला. 'भिवरे, बाळ चालायला लागलं गं. बघ तरी.' आणि मागून छोटी छोटी ओली पावलं ऐकू आली. मान आपोआप वळायला लागली. वळलीच असती हो ती. पण समोरून, धुक्यातून, आवाज आला. टक्. टक्. सगुणा उतरून येत होती. भिवराची नजर पुढे गेली ती पुढेच राहिली. घागर उचलून ती पळत सुटली. वाटेत सगुणा दिसली, पण तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.

भिवरा गडावर पहिली पोचली. 'आले' म्हणाली, दार उघडलं, मागे मिटलं. वस्तादाने तलवार काढून समोर ठेवली आणि म्हणाला, हजेरी झाली की तुझी.

सूर्य बुडाला. पोरं रांगेत उभी राहिली. आणि बाहेरून दारावर थाप पडली. 'भिवरे, दार उघड गं. मी सगुणा.' सगळ्या रांगेच्या अंगावर काटा आला. सगुणा होती का ती? की डोहातलं ते, सगुणाच्या आवाजात? दार तर हलेना. 'जाते' म्हणून गेलेली ना ती.

वस्तादाने हाक दिली, सगुणा. वस्ताद तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, 'गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, पोरी. गप्प राहा. तलवार तुझी, घर तुझं.' मग त्याने दुसरी हाक दिली. बाहेरचा आवाज थांबला. काहीच ऐकू येईना. आणि मग दाराच्या दगडावर एकदाच वाजलं. टक्.

आवाज कोणाचाही काढता येतो, बाळांनो. पण ती दगडाची बोटं जगात एकीलाच होती. आणि ती कोणामुळे झाली, हे भिवराइतकं कोणाला ठाऊक?

पण म्हणायचं काय? सगुणा दाराबाहेर. 'आहे' म्हणावं तर दोघी दगड. गप्प बसावं तर ती एकटी दगड. वस्तादाने तिसरी हाक दिली. आणि सकाळपासून गिळलेला तो शब्द भिवराच्या तोंडून बाहेर पडला. ती म्हणाली, 'सगुणा येते आहे.'

भिवराचे पाय गार पडले. बोटं दगड झाली, घोटे दगड झाले, गुडघे झाले. दार विचार करत होतं. 'आहे' जर जोडीदाराने म्हणायचं, तर 'येते' जोडीदाराने म्हटलेलं चालावं की नाही? भिवरा कमरेपर्यंत दगड झाली तेव्हा दार कुरकुरलं, आणि फटीतून सगुणा आत कोसळली, अर्धी सांडलेली घागर छातीशी धरून. भिवराच्या अंगावरचा दगड वाळल्या चिखलासारखा गळून पडला. सगुणाचं एक बोटही सुटलं. करंगळी मात्र दगडाचीच राहिली.

सगुणा धापा टाकत म्हणाली, 'सकाळीच म्हणायचं होतंस.'

'हो गं,' भिवरा म्हणाली, आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या.

वस्ताद मात्र खाली बसला होता, उंबऱ्याशी. साठ वर्षांपूर्वी त्यालाही कोणीतरी कानात सांगितलं होतं, गप्प राहा. आणि तो गप्प राहिला होता. त्याचा जोडीदार परत येता येता दारातच दगड झाला होता.

त्याने हे सांगताच भिवरा म्हणाली, 'वस्ताद, त्याचं नाव घ्या.'

वस्तादाने उंबऱ्यावर हात ठेवून नाव घेतलं. हरबा. आणि स्वतःच, फुटक्या आवाजात, म्हणाला, 'येतो आहे.' उंबरा हलला. त्यातून एक बारा वर्षांचा पोरगा डोळे चोळत उठून बसला. पांढऱ्या मिशांच्या वस्तादाकडे बघून म्हणाला, 'आजोबा, हजेरी झाली का?'

मग तीन दिवस हजेरी चालली. सगळ्या पायऱ्यांची नावं वस्तादाला पाठ होती. ज्यांचे जोडीदार उरले नव्हते, त्यांच्यासाठी भिवरा आणि सगुणा म्हणत होत्या. शेवटी गडाला चढायला एकही पायरी राहिली नाही, सगळे बसून घसरत खाली उतरले. धुकं अजून तिथेच आहे, पण पहाऱ्याला आता भरपूर माणसं होती. तलवार दोघींनी मिळून नेली, आधी भिवराच्या घरी, मग सगुणाच्या. निघताना दोघी दारात 'येते' म्हणाल्या. भिवराचा भाऊ अंगणात धावत होता. पुढे सगळे पोटभर जेवले आणि बिनघोर झोपले.

आता आपली हजेरी. अप्पू? हां, मुक्ता म्हणाली, आहे. मुक्ता? अप्पू, झोपलास वाटतं. मुक्ता, दुसरी हाक. हं, म्हणाला बरं का, झोपेतच म्हणाला.

आणि माझं कोण म्हणणार रे? दोघंही? बरं. मग मिटा डोळे. मी इथेच आहे.